सिंगल साइन-ऑनची लॉगिन स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा बंद पडते? किती दिवसांनी पडते ते आधी पाहा

काल चालत होती, आज चालत नाही. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही, पासवर्ड तोच, हातानं लॉगिन केलं की होतं. स्क्रिप्ट मात्र लॉगिनच्या पानावरच घुटमळते. कुणीतरी बसून ती दुरुस्त करतं, काही दिवस बरे जातात आणि परत तेच रडगाणं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कॉलेजांचं, पतसंस्थांचं, दूध संघांचं आयटीचं काम बघणाऱ्यांना सकाळी सकाळी येणारा हा फोन चांगलाच ओळखीचा असेल: "दादा, लॉगिन व्हई नही राहिनं."

मी ज्या शिक्षण संस्थेचं काम बघतो, तिची कॉलेजं जळगाव, अमळनेर, शिरपूर आणि शहादा अशी पसरलेली आहेत. मूडल (अभ्यासक्रमाचं पोर्टल), ग्रंथालय, फी, निकाल या सगळ्यांना एकच लॉगिन आहे, म्हणजेच सिंगल साइन-ऑन, आणि ते कीक्लोक नावाच्या ओळख-सर्व्हरमधून होतं. स्क्रिप्टकडे दोन कामं आहेत. एक, रात्री मूडलमधून हजेरीचा अहवाल उतरवून घ्यायचा. दुसरं, पहिला तास सुरू व्हायच्या आत एका चाचणी खात्यानं लॉगिन करून बघायचं, म्हणजे मुलं लॅबमध्ये बसण्याआधीच दार उघडतंय की नाही ते कळतं. खाली जे लिहितोय ते याच दोन कामांच्या अनुभवावरून, पण मायक्रोसॉफ्टचं एन्ट्रा आयडी, गूगल, शिबोलेथ अशा दुसऱ्या लॉगिन-यंत्रणा वापरणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल.

माझं सांगणं एकच आहे. स्क्रिप्ट बंद पडली की कोड उघडू नका, आधी कॅलेंडर उघडा. मागच्या वेळी कधी बंद पडली होती, त्याआधी कधी, मध्ये किती अंतर गेलं. एक दिवसाआड ताप येतोय म्हटल्यावर जुने डॉक्टर हिवतापाचा संशय घेत, तसंच इथेही दोन बिघाडांमधलं अंतर अर्धं निदान करून टाकतं. कारण सिंगल साइन-ऑनमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मुदतीवर चालते: टोकन (तात्पुरता पास), सेशन (एका लॉगिनवर आत राहता येण्याचा काळ), कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखचिठ्ठी), प्रमाणपत्र (ओळख पटवणारं, डिजिटल), पासवर्ड. प्रत्येकाची मुदत वेगळी, आणि मुदत संपली की बिघाड दिसतो मात्र एकाच जागी, लॉगिनच्या पानावर.

अंतरावरून ओळख

पाच मिनिटांत बंद पडत असेल तर ते ॲक्सेस टोकन, म्हणजे माहिती मागताना दाखवायचा पास. कीक्लोकमध्ये त्याची मूळ मुदत पाच मिनिटांचीच असते. अहवाल लहान असताना स्क्रिप्ट तीन मिनिटांत आटपते, सेमिस्टर पुढं सरकलं की नोंदी वाढतात, काम सहा मिनिटांवर जातं आणि मध्येच ४०१, म्हणजे 'ओळख पटत नाही' असा आकडा, यायला लागतो. लोकांना वाटतं सर्व्हर मंदावला. एन्ट्रा आयडीमध्ये हीच मुदत साधारण तास ते दीड तास असते आणि ती मुद्दाम कमी-जास्त ठेवलेली असते. म्हणून तिथे 'कधी चालतं, कधी नाही' असं वाटतं.

अर्धा तास निवांत राहिल्यावर बंद पडत असेल तर ती सेशनची निष्क्रियतेची मर्यादा; कीक्लोकमध्ये मूळ ३० मिनिटं. काम चालू असतानाही दहा तासांनी तुटत असेल तर ती सेशनची कमाल मर्यादा, मूळ १० तास. कर्बेरॉस ही तिकिटांवर चालणारी पद्धत वापरणाऱ्या विंडोज डोमेनमध्येही मुख्य तिकिटाची मूळ मुदत १० तास आणि नूतनीकरणाची ७ दिवस असते. सकाळी दहाला सुरू केलेली स्क्रिप्ट रात्री आठला का मरते, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

बरोबर सात दिवसांनी बंद पडत असेल आणि लॉगिन गूगलचं असेल, तर गूगल क्लाउड कन्सोलमध्ये जाऊन तुमच्या ॲपची प्रकाशन-स्थिती बघा. बाहेरच्या वापरकर्त्यांसाठीचं ॲप 'टेस्टिंग' स्थितीत असेल, तर त्याला मिळालेलं रिफ्रेश टोकन (नवं ॲक्सेस टोकन मिळवून देणारं) सात दिवसांत संपतं. यावर लोक दर सोमवारी नव्यानं परवानगी देत बसतात, वर्षानुवर्षं. काम फक्त आपल्या संस्थेच्या वर्कस्पेस खात्यांपुरतं असेल तर ॲप 'इंटर्नल' प्रकारात न्या, नाहीतर ते प्रकाशित करा. सात दिवसांचं चक्र थांबतं.

बेचाळीस दिवस हा आकडा दिसला तर लगेच विंडोज डोमेनची खाती सांभाळणाऱ्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीकडे वळा. डोमेनच्या मूळ धोरणात पासवर्डची कमाल मुदत ४२ दिवस आहे. स्क्रिप्टचं खातं साध्या वापरकर्त्याच्या धोरणाखाली असेल तर बेचाळिसाव्या दिवसानंतर लॉगिनच्या जागी 'पासवर्ड बदला' असं पान येतं, आणि स्क्रिप्टला ते पान काय आहे ते कळत नाही. साधारण दर दोन महिन्यांनी बंद पडत असेल तर कुणीतरी स्क्रिप्टमध्ये सर्व्हरचं प्रमाणपत्र पक्कं बांधून ठेवलंय का ते तपासा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि बहुतेक सर्व्हर ते साठाव्या दिवसाच्या आसपास बदलून टाकतात. वर्ष-दोन वर्षांनी अचानक सगळंच बंद पडलं तर ॲपचं क्लायंट सीक्रेट (ॲपचा स्वतःचा पासवर्ड) बघा, एन्ट्राच्या पोर्टलवरून ते जास्तीत जास्त २४ महिन्यांचंच मिळतं. आणि तीन वर्षांनी पडलं तर एन्ट्रामधलं सॅमल (लॉगिनची ओळख ॲपला कळवण्याची एक पद्धत) स्वाक्षरीचं प्रमाणपत्र. तोवर ते बसवणारा माणूस संस्थेत राहिलेला नसतो, ही खरी अडचण.

काहीच अंतर जुळत नसेल, बिघाड बेभरवशाचा असेल, तर मुदत सोडून पुढचं वाचा.

अडकली कुठे, ते उघडून बघा

लॉगिन म्हणजे एक पान आणि एक पासवर्ड असं आपल्याला दिसतं. प्रत्यक्षात ब्राउझर दोन-तीन सर्व्हरांमध्ये सात-आठ फेऱ्या मारतो. मूडल म्हणतं 'मी ओळखत नाही, तिकडे जा'. ब्राउझर कीक्लोककडे जातो, तिथे फॉर्म भरला जातो, कीक्लोक एक कोड देतो, ब्राउझर तो कोड घेऊन मूडलकडे परततो, मूडल पडद्याआडून कीक्लोकला विचारून तो कोड वटवतं आणि मग स्वतःची कुकी देतं. कीक्लोकमध्ये त्या कोडची मूळ मुदत एकच मिनिट आहे आणि तो एकदाच चालतो.

ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करा आणि हातानं एक लॉगिन करून घ्या. ती यादी समोर ठेवा. मग स्क्रिप्टला प्रत्येक फेरीची नोंद करायला लावा: कुठल्या पत्त्यावर गेली, उत्तराचा आकडा काय, कुठे पाठवलं गेलं, कुठल्या कुकी मिळाल्या. कुकीची नावंच नोंदवा, त्यांतला मजकूर नको, कारण सेशनची कुकी हाती लागली की पासवर्डची गरजच उरत नाही आणि लॉगची फाइल सहसा सगळ्यांना वाचता येते. दोन याद्या शेजारी ठेवल्या की पहिली वेगळी ओळ हीच बिघाडाची जागा. त्याच्यानंतरच्या सगळ्या चुका तिच्या पोटातल्या असतात, त्यांच्यामागे लागू नका.

या नोंदीत एक गोष्ट सगळ्यांना फसवते. पासवर्ड चुकला तरी सर्व्हर बहुतेक वेळा २०० हाच आकडा देतो, कारण त्याच्या दृष्टीनं लॉगिनचं पान पुन्हा दाखवणं हे यशस्वी उत्तर आहे. '२०० आला म्हणजे झालं' असं मानणारी स्क्रिप्ट हजेरीच्या अहवालाऐवजी लॉगिनचं पान एक्सेलच्या नावानं साठवून ठेवते, आणि प्राचार्यांच्या टेबलावर फाइल उघडेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. यशाची खूण आतल्या पानावरचीच हवी: बाहेर पडण्याचा दुवा, खात्याचं नाव, अहवालाच्या पहिल्या ओळीतलं ठरलेलं शीर्षक. उतरलेल्या फाइलची सुरुवात एचटीएमएलच्या खुणेनं होत असेल तर ती लगेच नाकारा.

फॉर्म दरवेळी नवा असतो

सर्वात जास्त आढळणारं कारण हे. कुणीतरी नेटवर्क टॅबमधून 'कॉपी ॲज कर्ल' करून, म्हणजे ती विनंती कर्ल या साधनाच्या आज्ञेच्या रूपात उचलून, ती ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेत) टाकलेली असते. ती तेव्हा चालते, संध्याकाळी चालत नाही. कीक्लोकच्या लॉगिन फॉर्मचा जो पत्ता असतो, त्यातच सेशन कोड, एक्झिक्युशन आणि टॅबची ओळख असे तुकडे असतात आणि ते दर भेटीला बदलतात. शिबोलेथ आणि कॅस या लॉगिन-यंत्रणांमध्येही 'एक्झिक्युशन' नावाची अशीच खूण असते. जुना पत्ता वापरला की सर्व्हर पासवर्ड बघतही नाही, फॉर्म शिळा आहे म्हणून परत पाठवतो.

उपाय सरळ आहे. आधी आतल्या ॲपच्या पत्त्यावर जा, कीक्लोकच्या नाही. त्यालाच तुम्हाला लॉगिनकडे ढकलू द्या. जे पान मिळेल त्यातला फॉर्म वाचा, त्याचा पत्ता त्यातूनच घ्या, लपवलेली सगळी फील्ड जशीच्या तशी घ्या, नाव आणि पासवर्ड त्यात भरा आणि पाठवा. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीमध्ये हे सगळं एकाच सेशन ऑब्जेक्टमधून झालं पाहिजे. मध्ये कुठे त्या सेशनबाहेरून विनंती पाठवली की कुकी सांडल्या.

सॅमल असेल तर एक जास्तीचा खड्डा आहे. लॉगिन झाल्यावर ओळख-सर्व्हर जे पान देतो ते रीडायरेक्ट नसतं. त्यात एक लपलेला फॉर्म असतो, त्यात सॅमल रिस्पॉन्स आणि रिले स्टेट अशी दोन फील्ड असतात, आणि पान उघडताच जावास्क्रिप्ट तो फॉर्म आपोआप पाठवते. डोळ्याला हे पान दिसतही नाही. रिक्वेस्ट्स किंवा कर्लला जावास्क्रिप्ट कळत नाही, त्यामुळे ती तिथेच उभी राहतात आणि २०० सांगतात. हा फॉर्म स्क्रिप्टनं स्वतः वाचून पुढच्या पत्त्यावर पाठवावा लागतो. शिबोलेथमध्ये त्याच्याही आधी ब्राउझरची साठवण तपासणारं एखादं मधलं पान येतं, तेही असंच पुढं ढकलावं लागतं.

घड्याळ

यावर जरा जास्त थांबतो, कारण आपल्या भागात हे कारण इतर ठिकाणांपेक्षा जास्त भेटतं आणि त्याच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं.

एका केंद्रावर चाचणीची स्क्रिप्ट एका जुन्या डेस्कटॉपवर चालते. सोमवारी सकाळी हटकून बंद. मंगळवारपासून ठीक. आठवड्याचं अंतर बघून टोकनची मुदत वाटावी, पण तिथे आठवड्याची मुदत असलेली एकही गोष्ट नव्हती. लॅब सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, "सर, शनिवारी जाताना मी मेन स्विचच बंद करून जाते. उन्हाळ्यात भीती वाटते हो." बरोबरच करतात त्या, मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो आणि वीज कधी कशी येईल याचा नेम नसतो. पण मेन स्विच बंद म्हणजे मदरबोर्डला वीजच नाही, आणि घड्याळ जिवंत ठेवणारा सीआर २०३२ सेल संपलेला. झाकण काढून मल्टिमीटर लावला तर तीन व्होल्टच्या सेलमध्ये दोनच्या वर काही नव्हतं. सोमवारी संगणक सुरू झाला की तारीख कित्येक वर्षं मागे. नेट आल्यावर कुणीतरी कोपऱ्यातली तारीख पाहून हातानं नीट करायचं, म्हणून मंगळवारपासून सुरळीत.

तारीख इतकी मागे गेली की पहिली तक्रार प्रमाणपत्राची येते: 'अजून वैध झालेलं नाही'. इथेच बहुतेक लोक प्रमाणपत्राची तपासणी बंद करणारी ओळ टाकून मोकळे होतात. ती ओळ टाकू नका. तिनं दोष झाकला जातो, पासवर्ड कुणाही मधल्याच्या हाती जाऊ शकतो, आणि पुढच्या पायरीवर ओटीपी नाकारला जातोच.

कारण वेळेवर चालणारा ओटीपी, म्हणजे ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी, ३० सेकंदांच्या खिडकीवर चालतो. २०११ च्या आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ते ठरलं. कीक्लोक मूळ सेटिंगमध्ये एक खिडकी इकडे, एक तिकडे चालवून घेतो. संगणकाचं घड्याळ दोन मिनिटं मागे असेल तर कोड दरवेळी चुकीचा. कर्बेरॉसमध्ये पाच मिनिटांपर्यंत सूट मिळते. फरक किती आहे त्यावरूनही कारण कळतं: दोन-चार मिनिटं म्हणजे घड्याळ हळूहळू सरकलंय, काही वर्षं म्हणजे सेल गेलाय, आणि फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर घड्याळ ठीक आहे, एकाच संगणकावर लिनक्स आणि विंडोज दोन्ही आहेत आणि एक जण हार्डवेअरची वेळ जागतिक मानतोय, दुसरा भारतीय.

सेल बदलणं तीस-चाळीस रुपयांचं काम. त्याच्या जोडीला संगणकानं वेळ नेटवरून घ्यायला हवी. डोमेनमध्ये नसलेल्या विंडोजमध्ये एक अट आहे: फरक १५ तासांपेक्षा मोठा असेल तर त्याची वेळ-सेवा आपोआप दुरुस्ती करायला नकार देते. म्हणून 'वेळ आपोआप जुळवा' चालू असूनही वर्षांचा फरक तसाच राहतो. लिनक्सवर वेळ जुळवायला क्रोनी वापरत असाल तर सुरुवातीच्या जुळवणीत मोठी उडी मारायची मुभा दिलीय ना, ते बघा. वेळ कुठून घ्यायची, तर एनआयसी (राष्ट्रीय माहिती-विज्ञान केंद्र) आणि राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे वेळ-सर्व्हर आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये तेच सांगितलंय. आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतच तपासणी ठेवा: वेळ जुळलेली नसेल तर लॉगिनचा प्रयत्नच करू नको, 'घड्याळ चुकलंय' एवढं लिहून थांब.

ओटीपीचीच आणखी एक गाठ. त्याच आरएफसीत असंही आहे की एकदा चाललेला कोड दुसऱ्यांदा स्वीकारायचा नाही. समजा, अहवालाची आणि तपासणीची अशा दोन्ही स्क्रिप्ट एकाच खात्यावर, क्रॉनमध्ये दोन्ही ठीक सहाला. पहिली आत जाते, दुसरी त्याच ३० सेकंदांत तोच कोड देते आणि बाहेर राहते. कुठली पहिली पोचेल हे नशिबावर, म्हणून बिघाड बेभरवशाचा. खाती वेगळी करा, हाच उपाय.

पुन्हा प्रयत्न करण्यानं बिघडतं ते

लॉगिन झालं नाही तर लगेच पाच वेळा प्रयत्न कर, असं स्क्रिप्टमध्ये लिहिण्याची पद्धत आहे. नेटसाठी ते ठीक, लॉगिनसाठी घातक. कीक्लोकमध्ये पासवर्ड-हल्ल्यापासूनचं संरक्षण चालू असेल तर एका सेकंदाच्या आत दोन चुकीचे प्रयत्न झाले की खातं थोडा वेळ थांबवलं जातं. आणि त्या काळात बरोबर पासवर्ड दिला तरी संदेश तोच येतो: नाव किंवा पासवर्ड चुकीचा. हल्लेखोराला काही कळू नये म्हणून तसं आहे, ते योग्यच आहे. पण आपण पासवर्ड बदलत बसतो. नेट तुटलं तर पुन्हा प्रयत्न करा. सर्व्हरनं नकार दिला तर एकदाच, आणि थांबा.

क्रॉनमधून चालत नाही पण हातानं चालते, ही तक्रार लॉगिनची नाहीच. क्रॉनला तुमचे पाथ, प्रॉक्सीची सेटिंग, घरची फोल्डर काही ठाऊक नसतं. पूर्ण पत्ते लिहा. ब्राउझर स्क्रिप्टमधून चालवणारं सेलेनियम वापरणाऱ्यांसाठी: क्रोम आपोआप अद्ययावत होतं, त्याला चालवणारा क्रोमड्रायव्हर जुना राहतो आणि दर महिन्या-दीड महिन्यानं भांडण. सेलेनियम ४.६ पासून योग्य ड्रायव्हर शोधणारा मॅनेजर त्यातच येतो, हातानं ठेवलेला ड्रायव्हर काढून टाका.

सेशन साठवून ठेवून रोजचं लॉगिन टाळणं ही युक्ती चांगली आहे, प्लेराइट या सेलेनियमसारख्याच साधनात तर त्याची सोयच आहे. पण प्लेराइट कुकी आणि लोकल स्टोरेज साठवतं, सेशन स्टोरेज साठवत नाही. तुमचं ॲप टोकन सेशन स्टोरेजमध्ये ठेवत असेल तर साठवलेली फाइल दिसायला भरलेली असते आणि उपयोगाला रिकामी. ती फाइल म्हणजे किल्लीच आहे, हे लक्षात ठेवून तिचे अधिकार फक्त त्या एका वापरकर्त्यापुरते ठेवा. कोड ठेवायच्या गिटमध्ये तर मुळीच नको.

मुळात हे दार यंत्रासाठी नाही

लॉगिनचं पान माणसासाठी केलेलं असतं. त्यावर कॅप्चा येईल, अटी मान्य करायचं पान येईल, 'साइन इन ठेवू का' विचारलं जाईल, मांडणी बदलेल. यातलं काहीही झालं की स्क्रिप्ट आडवी, आणि यात चूक कुणाचीच नाही. गूगल तर यंत्रानं चालवलेला ब्राउझर ओळखून लॉगिनच नाकारतं. त्याला चकवण्याच्या युक्त्या नेटवर ढिगानं आहेत. त्या वापरू नका. कॅप्चा फोडणं, यंत्राची ओळख लपवणं हे दुसऱ्याच्या सुरक्षेला बगल देणं आहे. खातं आपलं असो वा नसो, ज्याची यंत्रणा आहे त्याची परवानगी लेखी हवी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये विनापरवानगी प्रवेशासाठी कलम ४३ आणि ६६ आहेत. आणि 'सगळ्यांचं लॉगिन चालतं का बघू' म्हणून मुलांचे पासवर्ड एक्सेलमध्ये गोळा करणं हे मी काही ठिकाणी पाहिलंय. ते ताबडतोब बंद झालं पाहिजे. चाचणीला चाचणीचं खातं.

अहवालासाठी आम्ही लॉगिनचं पान पूर्ण सोडलं. मूडलमध्ये वेब सर्व्हिस, म्हणजे यंत्रांसाठीचं दार, आहे, तिचं टोकन एका वेगळ्या खात्याला दिलं, त्या खात्याला हजेरी वाचण्यापुरतेच अधिकार. इतर ॲपसाठी कीक्लोकमध्ये एक क्लायंट केला आणि त्याचं सर्व्हिस अकाउंट चालू केलं. ओऑथ २.० या परवानगी देण्याच्या पद्धतीत, म्हणजे २०१२ च्या आरएफसी ६७४९ पासूनच, 'क्लायंट क्रेडेन्शियल्स' नावाची पद्धत आहे: यंत्र आपली ओळख आणि सीक्रेट थेट देतं, टोकन घेतं. पान नाही, फॉर्म नाही, कुकी नाही, ओटीपी नाही. टोकन पाच मिनिटांत संपलं तर दुसरं मागायचं, बस. माणसाच्या वतीनंच काम करायचं असेल पण संगणकाला पडदा नसेल, तर डिव्हाइस पद्धत आहे, आरएफसी ८६२८: माणूस एकदा मोबाइलवरून मान्यता देतो, पुढं रिफ्रेश टोकन. नाव आणि पासवर्ड थेट टोकनच्या पत्त्यावर पाठवायची जुनी पद्धत मात्र टाळा. ओटीपीसारखा दुसरा टप्पा लागू केलेल्या खात्यांवर एन्ट्रात ती चालतच नाही.

ओळख-सर्व्हर तुमच्या हातात नसेल, विद्यापीठाचा किंवा कंपनीचा असेल, तर 'स्क्रिप्टसाठी लॉगिन द्या' असं लिहू नका, नकार येतो. काय वाचायचंय, कुठल्या पत्त्यावरून, किती वेळा, बदल काहीच करणार नाही, सीक्रेट कुठे ठेवणार आणि त्याची मुदत संपण्याआधी जबाबदार कोण, हे लिहा. असा मेल पाहिला की समोरचा माणूस सहसा मदतच करतो, कारण त्यालाही लॉगिनच्या पानावर आदळणाऱ्या अनोळखी स्क्रिप्टचा त्रास असतो. सीक्रेट मिळालं की त्याची शेवटची तारीख संस्थेच्या सामाईक कॅलेंडरमध्ये टाका, एका माणसाच्या मोबाइलमध्ये नको.

सकाळची तपासणी मात्र पानावरूनच करावी लागते, कारण मुलं ज्या दारानं जाणार तेच तपासायचंय. तिथे प्लेराइट, खरा ब्राउझर, आणि त्या खात्याला काहीही अधिकार नाहीत.

या तपासणीतून निसटलेला एक वेगळा बिघाड नंतर सापडला. स्क्रिप्ट रोज हिरवी, आणि सॅमलवर चालणाऱ्या एका ॲपबद्दल मुलांच्या तक्रारी: ओटीपी टाकला की पुन्हा लॉगिनच्याच पानावर. क्रोम ८० पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२० पासून, ज्या कुकीवर सेमसाइटची (दुसऱ्या साइटवरून ती पाठवावी का, हे सांगणारी) खूण नाही ती दुसऱ्या साइटवरून पाठवलेल्या पोस्ट फॉर्मबरोबर जात नाही. सॅमलचं उत्तर नेमकं असंच, दुसऱ्या साइटवरून पोस्टनं येतं. मग रोज सगळ्यांचंच का तुटत नव्हतं? कारण क्रोमनं एक सवलत ठेवलीय: कुकी दोन मिनिटांपेक्षा ताजी असेल तर जाऊ द्यायची. स्क्रिप्ट काही सेकंदांत आत जायची, सवलतीत बसायची. शहाद्याच्या बाजूच्या गावात बसलेल्या मुलीला रेंजसाठी ओट्यावर यावं लागतं, ओटीपीचा एसएमएस तिसऱ्या मिनिटाला येतो, तोवर सवलत संपलेली. ॲप बनवणाऱ्यांना हे दाखवलं. त्यांनी त्या कुकीवर 'सेमसाइट नन' आणि 'सिक्युअर' अशा दोन्ही खुणा घातल्या, तक्रारी थांबल्या. तेव्हापासून तपासणीत लॉगिनच्या दोन फेऱ्या आहेत. एक सरळ, आणि दुसरी नाव-पासवर्ड भरून तीन मिनिटं तशीच थांबणारी, मग पुढं जाणारी. पहिली हिरवी आणि दुसरी लाल आली की आधी त्या ॲपच्या कुकीवरच्या खुणा तपासायच्या.